पायी चालतोय आणि डिस्प्ले म्हणतोय २७

आमचं घर पुण्यात धनकवडीत आणि माझं काम अप्पा बळवंत चौकाजवळ, पुस्तकांच्या दुकानात. सकाळी सायकलवर जाताना सगळा उतारच, बालाजीनगर पद्मावती करत स्वारगेटला कधी पोचलो कळत पण नाही. संध्याकाळी मात्र तोच रस्ता उलटा, दिवसभर दुकानात उभं राहून पाय भरून आलेले, त्यात बसचा धूर, आणि स्वारगेटपासून जो चढ लागतो तो घरापर्यंत संपतच नाही. चाळिशीत हे चालून गेलं, आता सत्तेचाळीसाव्या वर्षी आठवड्यातले तीन दिवस मी सायकल घरीच ठेवायला लागलो होतो आणि ते मनाला फार लागत होतं. सायकल सोडायची नव्हती. म्हणून गेल्या हिवाळ्यात ठरवलं की आहे त्याच सायकलला इलेक्ट्रिक किट बसवायचं आणि ते स्वतः बसवायचं, कारण उद्या रस्त्यात बंद पडली तर निदान कुठली वायर कुठे जाते हे तरी आपल्याला माहीत पाहिजे.

किट ३६ व्होल्ट २५० वॅटचं घेतलं, मागच्या चाकातली गिअरवाली हब मोटर, १५ अँपिअरचा कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती करंट जाऊ द्यायचा ते ठरवणारी डबी), छोटा डिस्प्ले, अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल, स्विच असलेले दोन ब्रेक लिव्हर आणि पायडलचा दांडा फ्रेममध्ये जिथे फिरतो तिथे बसणारा पास सेन्सर, म्हणजे पायडल फिरतंय हे कंट्रोलरला सांगणारा. बॅटरी १० अँपिअर-अवरची, बाटलीच्या आकाराची, किल्लीवाली. बॅटरी धरून बावीस हजारापर्यंत गेले. बरेच जण म्हणाले ५०० वॅटचं घे, चढ आहे तुला. पण आपल्याकडे मोटर वाहन नियमात २५० वॅटपेक्षा कमी आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती सायकल धरली जाते, त्याच्या वर गेलं की नोंदणी, लायसन, विमा सगळं लागतं. आणि खरं सांगायचं तर मला पळवायची नव्हतीच, चढावर पाठीला कोणीतरी हात लावावा एवढंच पाहिजे होतं.

चाक बसवणं हा भाग मी सोपा समजलो होतो. माझी सायकल जुनी २१ गिअरची, २६ इंची, लोखंडी फ्रेमची. मागच्या चिमट्यात आतून अंतर १३५ मिलिमीटर भरलं, मोटरला तेवढंच लागतं, म्हणजे तिथे नशीब चांगलं. (साध्या बिनगिअरच्या सायकलींना हे अंतर बरंच कमी असतं, घ्यायच्या आधी पट्टी लावून बघाच.) मोटरचा अ‍ॅक्सल गोल नसतो, दोन बाजूंनी चपटा केलेला असतो, चपट्या भागात १० मिलिमीटर, आणि माझ्या फ्रेमच्या खाचेत तो जाईना, रंगाचे थर होते. कानशीने हलक्या हाताने रंग काढला, लोखंड नाही काढायचं, नुसता रंग, आणि मग तो असा घट्ट सरकत आत गेला की चिमट्यात धरल्यासारखा.

हे घट्ट बसणं महत्त्वाचं का, तर साध्या चाकात अ‍ॅक्सलवर फिरवणारा जोर नसतो, तो नुसता वजन पेलतो. हब मोटरमध्ये चाक पुढे ढकलताना तेवढ्याच जोराने अ‍ॅक्सल उलटा फिरायला बघतो. नट सैल असेल तर अ‍ॅक्सल खाचेत गरकन फिरतो, खाच रुंद करतो आणि त्याच अ‍ॅक्सलच्या पोकळीतून बाहेर आलेल्या मोटरच्या वायरी दोरीसारख्या पिळून तोडतो. त्यासाठी टॉर्क आर्म लावतात, म्हणजे एक पोलादी पट्टी, एका टोकाला अ‍ॅक्सलच्या चपट्या भागावर बसणारं भोक आणि दुसरं टोक फ्रेमला क्लॅम्पने आवळलेलं. किटमध्ये एकच पट्टी होती, ती उजव्या बाजूला लावली. आणि अ‍ॅल्युमिनियमचा पुढचा चिमटा असेल तर त्याच्यात मोटर बसवू नका, प्लीज. ती खाच वाकून इशारा देत नाही, तुटतेच, आणि पुढचं चाक निघालं तर माणूस तोंडावर जातो.

आता कंट्रोलर. डबी पेनाच्या कंपास बॉक्सएवढी आणि तिच्यातून वायरींचा झुबका. मी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून सगळ्या वायरी सुट्या केल्या आणि मुलीने (अकरावीला आहे, सायन्स) प्रत्येकीला कागदाचं लेबल लावलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला भीती वाटते पण एकदा गट पाडले की चित्र साफ होतं. जाड लाल-काळी बॅटरीची. जाड पिवळी, हिरवी, निळी या मोटरच्या तीन फेज, म्हणजे मोटर फिरवणारा करंट नेणाऱ्या वायरी. त्यांच्याच रंगाच्या बारीक पिवळी, हिरवी, निळी, शिवाय एक लाल एक काळी, हा हॉल सेन्सरचा गट, म्हणजे मोटरमधलं चुंबक आत्ता कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणारे तीन सेन्सर, त्यांना लागणारे ५ व्होल्ट लाल-काळीतून जातात. त्याच कनेक्टरमध्ये सहावी एक पांढरी वायर होती. तिच्याबद्दल त्या दिवशी मी फार विचार केला नाही, जिथे बसत होती तिथे बसवली. मग थ्रॉटलच्या तीन, पासच्या तीन, दोन्ही ब्रेकच्या दोन-दोन, आणि डिस्प्लेच्या.

मोटरकडून येणारी केबल नऊ पिनांच्या गोल कनेक्टरने जोडायची असते, त्याच्यावर बाण असतो, बाणासमोर बाण आणून सरळ दाबायचं, पिळायचं नाही, पिन वाकली की संपलं. बॅटरीचा कनेक्टर जोडताना टच्चकन ठिणगी उडाली आणि बायको स्वयंपाकघरातून धावत आली. घाबरण्यासारखं नव्हतं, कंट्रोलरमधले मोठे कपॅसिटर रिकामे असतात ते एकदम भरतात त्याची ती ठिणगी, पण रोज रोज उडाली तर कनेक्टरची पितळ काळी पडते, म्हणून आता बॅटरीची किल्ली बंद ठेवूनच जोडतो.

सायकल डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, किल्ली फिरवली, डिस्प्ले लागला, थ्रॉटल हळूच दाबला आणि चाक फिरायला लागलं. त्या क्षणाचा आनंद मी सांगू शकत नाही. चाक जरा आचके देत फिरत होतं पण डिस्प्लेवर २४, २५ असा वेग दिसत होता, आणि मर्यादा २५ ची लावलेली, म्हणजे सगळं बरोबर असंच मी धरलं.

खाली रस्त्यावर आणली. पायडल मारलं, मोटरने एक झटका दिला, आणि सोडून दिलं. परत थोडी थांबायला आली की परत झटका, परत सोडलं. थ्रॉटल पूर्ण दाबून धरला तरी तेच, ढकल-सोड, ढकल-सोड, मानेला हिसके. सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन परत आलो.

जिथून किट घेतलं त्यांना फोन केला. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं की कंट्रोलर खराब आहे, कुरिअर करा, बघून आठ-पंधरा दिवसात कळवतो. मी म्हणलं मी आधी तपासू का, तर म्हणाले तुम्ही उघडू नका वॉरंटी जाईल. मला याचा राग आला, राग यासाठी की एक प्रश्न पण विचारला नाही त्यांनी, की झटका कधी बसतो, किती वेगाला बसतो, डिस्प्लेवर काय दिसतं. वस्तू विकणाऱ्याला हे तीन प्रश्न तरी विचारता आले पाहिजेत.

डबी न उघडता बाहेरून जेवढं तपासता येतं तेवढं तपासायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तपकीर गल्लीत गेलो, इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार, दुकानापासून चालत पाच मिनिटं. तिथे एका ओळखीच्या काउंटरवर मल्टिमीटरच्या बारीक टोकाच्या प्रोब मागितल्या, कशाला पाहिजेत विचारलं, सांगितलं, तर ते म्हणाले, "साहेब, कंट्रोलर जळला की पहिल्यांदा मॉस्फेट जातात, म्हणजे आतले करंट सोडणारे स्विच, आणि ते गेले की चाक हाताने उलटं फिरवायला पण जड जातं. तुमचं जातंय का जड?" नव्हतं जात. "मग कंट्रोलरला लगेच दोष देऊ नका, सेन्सर बघा."

रात्री जेवणं झाल्यावर बसलो. कनेक्टर न काढता मागच्या बाजूने प्रोब घुसवायची, किल्ली चालू, मल्टिमीटर २० व्होल्टवर. लाल-काळीत ४.९८, छान. मग हॉलच्या तीन वायरी एकेक. यात एक गंमत आहे जी मला नंतर समजली, गिअरवाल्या हबमध्ये आत क्लच असतो, चाक पुढे फिरवलं तर आतली मोटर फिरतच नाही, नुसतं कव्हर फिरतं, म्हणून हॉल तपासायला चाक उलटं फिरवायचं. मुलगी चाक उलटं, अगदी हळू फिरवत होती आणि मी आकडा वाचत होतो, ०, ५, ०, ५. पिवळी ठीक, हिरवी ठीक, निळी ठीक. थ्रॉटलची सिग्नल वायर, न दाबता ०.८५, पूर्ण दाबल्यावर ४.२. ती पण ठीक. ब्रेकचा स्विच अडकला असेल तर मोटरचा करंट तुटतो म्हणून दोन्ही ब्रेकचे कनेक्टर काढून बघितले, झटके तसेच. फेजच्या वायरींची जोडणी चुकली असती तर चाक गुरगुरलं असतं, उलटं गेलं असतं नाहीतर नुसतं थरथरलं असतं, तसं काहीच नव्हतं, झटका बसायचा तो अगदी स्वच्छ सरळ पुढे. म्हणजे प्रत्येक सेन्सर शाबूत आणि तरी सायकल चालत नाही. साडेअकराला बंद केलं.

रविवारी सकाळी सायकल हातात धरून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे निघालो, स्पोक आवळून घ्यायचे होते. किल्ली चालूच राहिली होती. चालता चालता सहज नजर हँडलवर गेली तर डिस्प्लेवर २७.

मी जागेवर थांबलो. आकडा शून्यावर आला. परत चाललो, २५, २७, २६. मी पायी चालतोय, माणूस पायी ताशी साडेचार किलोमीटर चालतो, आणि सायकलला वाटतंय ती २७ ने पळतेय. साडेचार सक सत्तावीस, बरोबर सहा पट.

तिथेच सगळं उलगडलं. मर्यादा २५ ची. कंट्रोलर प्रामाणिकपणे आपलं काम करत होता, त्याला २५ दिसले की तो मोटर सोडत होता, फक्त त्याला २५ दिसत होते तेव्हा सायकल खरी चार किलोमीटरने जात होती. आणि स्टँडवर मी तोच २५ बघून खूश झालो होतो. खरं तर नुसत्या डोळ्यांनीही कळलं असतं, २६ इंची चाकाचा घेर साधारण २ मीटर, २५ च्या वेगाला चाक सेकंदाला तीनच्या वर फेऱ्या मारतं, स्पोक दिसायलाच नको. माझं चाक दोन सेकंदाला एक फेरी मारत होतं, स्पोक मोजता येत होते.

काकांकडे न जाता तसाच घरी आलो. ती सहावी पांढरी वायर म्हणजे वेगाची. क्लचमुळे उतारावर मोटर थांबलेली असते आणि चाक पळत असतं, मग हॉलवरून वेग कळणार कसा, म्हणून चाकाच्या कव्हरसाठी वेगळा सेन्सर असतो आणि तो या पांढऱ्या वायरीतून पल्स पाठवतो. व्हॉल्व्हच्या जागी रिमला खडूने खूण केली, मल्टिमीटर पांढऱ्या आणि काळ्या वायरीवर, चाक हाताने इंच-इंच पुढे सरकवलं आणि मुलीने मोजलं. पाच झाले, शून्य झाले, एक. पाच झाले, शून्य झाले, दोन. खडूची खूण परत वर येईपर्यंत सहा. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा सहा. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेलो, वरचं आणि खालचं बटण एकदम दाबून धरलं, पी-०७, चाकाच्या एका फेरीत किती चुंबकं, आकडा होता १. सहा केला. "बाबा, एवढंच होतं?" एवढंच होतं.

खाली नेली, पायडल मारलं, आणि ती गेली. धनकवडीचा तो आमच्या गल्लीचा चढ, जिथे मी वीस वर्षं उभा राहून पायडल मारतोय, तो मी बसून चढलो, श्वास न लागता, वर पोचल्यावर मागे वळून बघितलं आणि परत खाली जाऊन परत चढलो.

बाकीची सेटिंग थोडक्यात सांगतो, कारण माझ्या डिस्प्लेचे नंबर तुमच्याकडे वेगळे असू शकतात, पण नावं तीच असतात. चाकाची साइज २६. वेगमर्यादा २५, ती वाढवता येते पण वाढवू नका. पासच्या चकतीवरची चुंबकं १२, आणि चकती बसवताना तिच्यावरची बाणाची बाजू बघा, उलटी बसली तर पुढे पायडल मारल्यावर काहीच होत नाही. करंट मी १५ वरून १२ वर आणला. ३६ गुणिले १५ म्हणजे ५४० वॅट होतात, चढावर कंट्रोलर तेवढे खेचतो आणि गरम होतो, बॅटरीपण दमते. १२ वर चढ तसाच चढते, सुरुवातीचा धक्का फक्त मऊ झाला. बॅटरी कमी झाली की तोडायची मर्यादा ३१ व्होल्ट ठेवली, बॅटरीत दहा सेल एकामागे एक आहेत, पूर्ण भरल्यावर ४२, म्हणजे ३१ ला सेलमागे ३.१, त्याच्या खाली वापरायची नाही.

मग जून आला. पहिल्या मोठ्या पावसात पद्मावतीपाशी मोटर एकदम बंद, डिस्प्ले मात्र चालू, बॅटरी भरलेली. आता सायकल मोटर-बॅटरीसकट तेवीस किलोच्या आसपास, ती तशीच पायडल मारत चिंब भिजून घरी आणली. पण या वेळी घाबरलो नाही. डिस्प्ले थेट बॅटरीवर चालतो म्हणून तो दिसतो, पण थ्रॉटल, पास आणि हॉल हे तिन्ही त्या एकाच ५ व्होल्टवर जगतात, त्यातलं एक जरी शॉर्ट झालं तरी तिघंही मरतात. मोजलं तर पाचाच्या जागी ०.७. थ्रॉटल काढला, ०.७ च. पास काढला आणि आकडा उडी मारून ४.९८. पासची वायर पायडलच्या दांड्याखालून केबल टायने इतकी आवळली होती की खडबडीत रस्त्यांच्या हादऱ्याने तिचं आवरण फ्रेमच्या कडेवर घासून उघडं पडलं होतं, लाल आणि काळी दोन्हींचं तांबं दिसत होतं, कोरड्यात चाललं, पाणी मिळाल्यावर नाही. तेवढा तुकडा कापला, नवीन वायर रेणून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवलं आणि फ्रेमच्या वरच्या बाजूने नेली.

त्याच दिवशी कंट्रोलरची डबी पण उलटी केली. आधी वायरी वरून आत जात होत्या म्हणजे पावसाला वाटच करून दिलेली. आता तोंड खाली, प्रत्येक वायर डबीच्या खाली लोंबून मग वर गेलेली, पाणी त्या लोंबत्या जागी ठिबकून जातं. मोटरची केबल अ‍ॅक्सलमधून बाहेर येते तिथेही तसंच, तोंड जमिनीकडे. डबी सिलिकॉनने पूर्ण बंद करू नका असं माझं मत आहे, आत वाफ धरते, मी खाली एक बारीक भोक ठेवलंय.

बॅटरी दोन दिवस जाऊन-येऊन पुरते, मग चार्ज. २ अँपिअरचा चार्जर आहे, पाच तासाच्या वर लागतात. घरी आल्या आल्या नाही लावत, अर्धा तास गार होऊ देतो, भिजली असेल तर पुसून कोरडी झाल्यावरच, आणि आम्ही जागे असतानाच, झोपताना काढून ठेवतो.

डाव्या बाजूचा टॉर्क आर्म अजून लावायचा राहिलाय. कागदावर माप काढून ठेवलंय, ६ मिलिमीटरची पट्टी, मधे १० मिलिमीटरची खाच, बिबवेवाडीत एक ओळखीचे लेथवाले आहेत ते म्हणालेत शनिवारी या.